वर्डप्रेस : छोट्या मराठी संस्थेच्या संकेतस्थळाला कितपत मानवते?

गावातले सार्वजनिक वाचनालय, व्याख्यानमाला चालवणारे मंडळ किंवा वर्षाला चार अंक काढणारे त्रैमासिक जेव्हा स्वतःचे संकेतस्थळ करायचे ठरवते, तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत चर्चा होते ती बहुधा खर्चाची, रंगांची आणि पहिल्या पानावर कोणाचे छायाचित्र असावे याची. संकेतस्थळ कोणत्या प्रणालीवर उभे राहणार, हा प्रश्न काम घेणाऱ्या व्यक्तीवर सोपवला जातो आणि ती व्यक्ती स्वतःला जे येते ते, म्हणजे बहुतेक वेळा वर्डप्रेस ही संकेतस्थळावरचा मजकूर लिहिण्याची आणि प्रसिद्ध करण्याची प्रणाली, निवडते. ही निवड पुष्कळदा योग्यच ठरते. पण संस्थेच्या गरजा समोर ठेवून ती कोणी पारखलेली नसते. अशा काही संस्थांच्या संकेतस्थळांची देखभाल मी गेली काही वर्षे करत आलो आहे. वर्डप्रेस कोणाला घ्यावे आणि कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढ्याच मर्यादित प्रश्नावर आणि मराठी मजकुराच्या अंगाने हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : ज्या संस्थेकडे नियमितपणे नवा मजकूर तयार होतो आणि तो तपासून लावणारा एक तरी माणूस आहे, तिच्यासाठी आज वर्डप्रेसइतका रास्त पर्याय दुसरा नाही, जिथे हे दोन्ही नाही, तिथे ते विनाकारण गळ्यात पडलेले काम होऊन बसते.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली. त्याआधी 'बी-टू' नावाची एक छोटी प्रणाली होती. तिचे काम थंडावल्यावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तिचीच संहिता, म्हणजे प्रोग्रामचा कोड, पुढे नेली आणि तिला नवे नाव दिले. हे करण्याची मुभा त्यांना जीपीएल या मुक्त परवान्याने दिली होती आणि तोच परवाना वर्डप्रेसलाही लागू आहे. त्यामुळे प्रणालीसाठी परवाना-शुल्क पडत नाही आणि ती कोणालाही आपल्या सर्व्हरवर बसवता येते. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चार तरी वर्डप्रेसवर चालतात. या संख्येचा छोट्या संस्थेला होणारा खरा फायदा असा, की काम करणारी एक व्यक्ती सोडून गेली, तरी त्याच तालुक्यात दुसरी सापडते.

एक घोळ मात्र सुरुवातीलाच निस्तरावा लागतो. 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग' येथे मिळते ती मोफत प्रणाली. ती चालवण्यासाठी होस्टिंग (सर्व्हरवरची जागा) आणि डोमेन (संकेतस्थळाचे नाव) आपण विकत घ्यायचे. 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा. तिथे होस्टिंग त्यांचे, आणि कोणती सोय कोणत्या दराला मिळेल हेही तेच ठरवतात. पुढचे सगळे विवेचन पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

वर्डप्रेसचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे त्यातली कामाची वाटणी. प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य असे पाच दर्जे त्यात मुळातच आहेत आणि मराठी नियतकालिकाच्या कामाची पद्धत त्यांत फारशी ओढाताण न करता बसते. योगदानकर्त्याला लेख लिहिता येतो, पण प्रसिद्ध करता येत नाही. तो संपादकाकडे तपासणीसाठी जातो. योगदानकर्त्याला छायाचित्रेही चढवता येत नाहीत. काहींना ही अडचण वाटते. मला ती सोय वाटते, कारण मोबाइलवर काढलेली प्रचंड आकाराची छायाचित्रे जशीच्या तशी लेखात घातली जाण्याचे टळते. प्रत्येक बदलाची जुनी प्रत राखून ठेवली जाते, त्यामुळे कोणी चुकून अर्धा लेख पुसला, तरी कालची प्रत आजच्या प्रतीशेजारी ठेवून ताडून पाहता येते आणि परत आणता येते. ज्या वाचनालयात वार्षिक अहवालाचा मजकूर चिटणीस, ग्रंथपाल आणि अध्यक्ष अशा तिघांच्या हातांखालून जातो, तिथे ही एकच सोय संपूर्ण प्रणालीचे मोल वसूल करून देते. त्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र खाते हवे. बहुतेक संस्थांत एकच पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो आणि तो कार्यालयातल्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला असतो. तसे असेल तर दर्ज्यांची ही रचना असून नसल्यासारखी होते.

लेखनाच्या खिडकीबद्दल मत थोडे संमिश्र आहे. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीपासून वर्डप्रेसने 'गुटेनबर्ग' नावाचा नवा संपादक आणला. त्यात प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चित्र, प्रत्येक मथळा हा एक सुटा ब्लॉक असतो. पानाची मांडणी करणाऱ्याला हे सोयीचे आहे. परंतु वर्डमध्ये एकटाकी लेख लिहिण्याची सवय असलेल्या ज्येष्ठ लेखकाला आपला सलग मजकूर असा तुकड्यातुकड्यांत दिसू लागला, की तो गोंधळतो. जुन्या पद्धतीची खिडकी हवी असेल, तर 'क्लासिक एडिटर' हे अधिकृत प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवता येते. कविता छापणाऱ्यांसाठी मात्र नव्या संपादकात एक चांगली गोष्ट आहे : ओळींची तोड आणि कडव्यांमधली जागा जशीच्या तशी राखणारा कवितेचा स्वतंत्र ब्लॉक त्यात आहे आणि तो भरवशाने काम करतो.

आता मराठीबद्दल. इथे थोडे रेंगाळावे लागेल, कारण जे दोष इंग्रजी परीक्षणांत कधीच दिसत नाहीत आणि जे आपल्याला रोज भोवतात ते सगळे इथे आहेत.

चांगल्यापासून सुरुवात करतो. प्रणाली बसवताना भाषा म्हणून मराठी निवडली, तर डॅशबोर्ड, म्हणजे आतला कामाचा पडदा, मराठीत येतोच, शिवाय तयार होणाऱ्या प्रत्येक पानावर 'या पानाची भाषा मराठी आहे' अशी खूण ब्राउझरसाठी उमटते. ही खूण दिसायला क्षुल्लक आहे, पण देवनागरीच्या काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे आणि हिंदी वळणे अशी दोन्ही रूपे असतात आणि त्यांतले कोणते दाखवायचे हे ब्राउझर याच खुणेवरून ठरवतो. संकेतस्थळाची भाषा इंग्रजी राहू दिली आणि मजकूर मराठीत लिहिला, तर असा फॉन्ट वापरूनही वाचकाला हिंदी वळणाचा 'ल' दिसत राहतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाचीही त्याने पंचाईत होते. एखाद्याला डॅशबोर्ड इंग्रजीतच सोयीचा वाटत असेल, तर तेवढ्या खात्यापुरती भाषा बदलता येते. संकेतस्थळाची भाषा मराठीच ठेवावी.

पानाच्या पत्त्याचा प्रश्न मात्र त्रासाचा आहे. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस त्याचा पत्ता आपोआप तयार करते आणि त्यासाठी दोनशे अक्षरांची मर्यादा ठेवते. इंग्रजी शीर्षकाला ही मर्यादा भरपूर आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो, वेलांटी असो वा हलन्त, पत्त्यात लिहिताना टक्क्यांची खूण आणि आकडे-अक्षरे मिळून नऊ जागा खाते. म्हणजे मराठी शीर्षकाला जेमतेम बावीस चिन्हे मिळतात. 'महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास' असे शीर्षक देऊन पाहावे. पत्ता तयार होतो तो 'महाराष्ट्रातील-सार्वजनि' एवढाच. शेवटचा 'क' गळतो आणि ग्रंथालये व इतिहास तर दूरच राहतात. हा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला, की अनेकदा टक्क्यांच्या खुणांची दोन-तीन ओळींची रांग दिसते आणि ती पाहून सावध माणूस दुव्यावर बोट ठेवायला कचरतो. उपाय सोपा आहे : प्रत्येक लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याचा पत्ता रोमन लिपीत, चार-पाच शब्दांत, हाताने लिहावा. पण हा उपाय लेख लावणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवावा लागतो. पत्त्यांची एकूण घडणही सुरुवातीलाच ठरवून टाकावी, कारण शेकडो लेख झाल्यावर ती बदलली तर बाहेर पसरलेले जुने दुवे तुटण्याचा धोका असतो.

शोधाची सोय हा वर्डप्रेसचा मराठीतला सर्वांत कच्चा दुवा आहे. वाचकाने टाकलेली अक्षरे शीर्षकात, सारांशात किंवा मजकुरात सलग सापडतात का, एवढेच ही प्रणाली पाहते. 'नाटक' शोधले तर 'नाटकाचा' आणि 'नाटकातील' सापडतात, कारण 'नाटक' ही अक्षरे त्यांत अखंड आहेत. पण 'पुणे' शोधले तर 'पुण्यात' आणि 'पुण्याच्या' सापडत नाहीत. 'शाळा' शोधले तर 'शाळेत' सापडत नाही. 'कथा' शोधणाऱ्याला ज्या लेखात सगळीकडे 'कथेचा', 'कथेला', 'कथेतून' असे आहे तो लेख दिसतच नाही. आपल्या भाषेत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, आणि या शोधाला त्याची गंधवार्ता नाही. त्यात भर 'दुसऱ्या', 'सुऱ्या' अशा शब्दांची. यातला अर्धा 'र' दोन निराळ्या प्रकारे टंकलिखित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या चिन्हमाला असतात. एका लेखकाच्या कळफलकावरून आलेला शब्द दुसऱ्याच्या कळफलकावरून शोधला असता सापडेलच, याची हमी देता येत नाही. शोध सुधारणारी प्लगइन मिळतात, परंतु मी वापरून पाहिलेल्या प्लगइनपैकी एकालाही मराठीचे सामान्यरूप कळत नव्हते. म्हणून मी संस्थांना सांगतो, की शोधाच्या चौकटीवर विसंबू नका. वर्गवारी आणि विषयखुणा विचारपूर्वक ठरवा, त्यांची एक पक्की यादी करा आणि ग्रंथपालाने तिच्याबाहेर कोणालाही जाऊ देऊ नये. जुन्या नियतकालिकांच्या वार्षिक सूची ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. लेखक-सूची आणि विषय-सूची अशी दोन पाने नीट केली, तर वाचक शोधाच्या चौकटीपेक्षा त्यांवरच अधिक समाधानी असतो.

रूपाचा, म्हणजे थीमचा, प्रश्नही याच जातीचा आहे. थीमचा नमुना पाहताना त्यात इंग्रजीतली दोन-दोन शब्दांची मथळ्याची ओळ असते आणि ती देखणी दिसते. त्याच जागी आपले 'शताब्दी वर्षानिमित्त आयोजित राज्यस्तरीय निबंध स्पर्धेचा निकाल' टाकले, की मथळा चार ओळींत मोडतो आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. कित्येक थीममध्ये मथळ्याच्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडलेले असते. रोमन अक्षरांना ते शोभते, देवनागरीत मात्र त्यामुळे शिरोरेषा तुटून शब्दाची लक्तरे होतात. अशी थीम कितीही सुंदर असली तरी तिचे ते अंतर शून्यावर आणता येते का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. एक टाइप या मुंबईतल्या संस्थेचा 'मुक्त' किंवा गूगलचा 'नोटो' असे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत उपलब्ध आहेत. मजकुराच्या ओळींतले अंतर इंग्रजीसाठी ठेवतात त्यापेक्षा थोडे अधिक ठेवले, की पान वाचनीय होते. यासाठी महागडी थीम विकत घ्यावी लागत नाही. वर्डप्रेससोबतच येणारी साधी थीम बहुतेक संस्थांना पुरते, आणि माझा अनुभव असा की ती विकतच्या थीमपेक्षा जास्त वर्षे टिकते.

जुन्या अंकांबद्दल एक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण याबाबतीत संस्थांची सर्वाधिक निराशा होते. नव्वदच्या दशकापासून आपल्याकडचे बहुतेक अंक पेजमेकरमध्ये श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत जुळवले गेले. त्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे आज संगणकावर आणि मोबाइलवर सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत. तो मजकूर वर्डप्रेसमध्ये चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि परिवर्तनानंतर रफार, जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा चुकलेल्या असतात, म्हणून मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. हे काम वर्डप्रेससारखी कोणतीही प्रणाली करून देत नाही. अंदाजपत्रकात संकेतस्थळाचा खर्च एका ओळीत आणि जुन्या अंकांच्या परिवर्तनाचा खर्च दुसऱ्या ओळीत असा वेगळा मांडला नाही, तर काम घेणारा आणि संस्था यांच्यात पुढे कटुता येते. मी ती येताना पाहिली आहे. पैसे नसतील तर पाने स्कॅन करून पीडीएफ ठेवणे क्षम्य आहे, पण त्यासोबत त्या अंकाची अनुक्रमणिका तरी युनिकोडमध्ये टंकलिखित करावी. नव्या सूचना आणि नवे लेख स्कॅन करून लावण्याची पद्धत मात्र सर्वथा बंद करावी; मोबाइलवर ते वाचताना बोटांनी पान मोठे करून डावीउजवीकडे सरकवत बसावे लागते.

संकेतस्थळ मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत हवे असेल, तर वर्डप्रेसच्या गाभ्यात आजही ती सोय नाही. पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल यांसारखे प्लगइन लागते. माझा सल्ला असा, की परदेशातल्या मराठी वाचकांसाठी म्हणून संपूर्ण संकेतस्थळ दोन भाषांत करण्याचा संकल्प सोडावा. परदेशातला मराठी वाचक येतो तो मराठी वाचायला. ज्याला मराठी येत नाही त्याच्यासाठी संस्थेची ओळख, पत्ता आणि देणगीची माहिती देणारे एक इंग्रजी पान पुरे होते. दोन्ही भाषांत सारखाच मजकूर खरोखर द्यायचा असेल, जसा एखाद्या विद्यापीठाला वा शासकीय विभागाला द्यावा लागतो, तर बहुभाषिकत्व गाभ्यातच असलेल्या ड्रुपल किंवा जूमला या दुसऱ्या मुक्त प्रणालींचा विचार आधी करावा.

ठरावीक वेळी लेख आपोआप प्रसिद्ध करण्याची सोय वर्डप्रेसमध्ये आहे आणि दिवाळी अंकाची घोषणा किंवा जयंतीचा लेख यांसाठी ती मोहात पाडते. तिचे काम कसे चालते हे मात्र जाणून घ्यावे. वर्डप्रेस स्वतः घड्याळ पाहत बसत नाही. संकेतस्थळावर कोणी आले, की त्या निमित्ताने ते राहिलेली कामे तपासते. वर्दळीच्या संकेतस्थळावर याचा फरक पडत नाही. छोट्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर पहाटे सहाला लावलेला लेख पहिला वाचक साडेआठला येईपर्यंत पडूनच राहतो. होस्टिंगच्या नियंत्रण-पटलातून ठरावीक अंतराने ही तपासणी करवून घेता येते आणि ते एकदाच करायचे काम आहे. कालविभाग म्हणून कोलकाता निवडायलाही विसरू नये, नाहीतर सगळ्या वेळा साडेपाच तासांनी चुकतात.

वाचनालयांसाठी एक गोष्ट अधिक स्पष्टपणे मांडतो. ग्रंथसूची वर्डप्रेसमध्ये करू नये. करता येते, स्वतंत्र प्रकारच्या नोंदी तयार करण्याची सोय ३.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१०पासून आहे, आणि काम घेणारा उत्साहाने 'पुस्तक' नावाचा प्रकार तयार करूनही देतो. पण देवघेव, प्रतींची संख्या, दाखल क्रमांक, वर्गांक, थकीत पुस्तके हे सगळे ग्रंथालयाच्या कामाचे स्वतंत्र शास्त्र आहे, आणि त्यासाठी न्यूझीलंडमध्ये जन्मलेली कोहा ही मुक्त प्रणाली किंवा आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय उपलब्ध आहे. सूची तिथे ठेवावी आणि वर्डप्रेसच्या मुख्य पानावरून तिच्याकडे एक ठळक दुवा द्यावा. विक्रीबाबतही माझे मत असेच काटकसरीचे आहे : वर्षातून एक दिवाळी अंक विकायचा असेल, तर वू-कॉमर्स या विक्रीच्या प्लगइनचे पूर्ण दुकान थाटण्याऐवजी यूपीआयचा क्यूआर कोड आणि पत्ता भरण्याचा छोटा अर्ज पुरेसा आहे.

देखभाल हा विषय काम सुरू होताना कोणालाच नको असतो, आणि वर्डप्रेस घ्यावे की नाही याचा निर्णय खरे तर त्यावरच अवलंबून असायला हवा. गाभ्याच्या छोट्या सुरक्षा-सुधारणा २०१३मधल्या ३.७ या आवृत्तीपासून आपोआप बसतात, आणि २०२०च्या ५.५पासून प्लगइनही आपोआप अद्ययावत ठेवता येतात. तरीही वर्डप्रेसच्या संकेतस्थळात शिरकाव होतो तो बहुधा एखाद्या सोडून दिलेल्या प्लगइनमधून. अधिकृत भांडारात हजारो प्लगइन आहेत, त्यांतली कित्येक एकट्या माणसाने हौसेने केलेली आणि नंतर वाऱ्यावर सोडलेली असतात. प्लगइन घेताना ते किती जणांनी घेतले याबरोबरच ते शेवटचे कधी सुधारले गेले हे पाहावे; वर्ष उलटून गेले असेल तर घेऊ नये. अर्ज, बॅकअप, नको त्या मजकुराला आळा आणि पानांचा वेग यांसाठी लागणारी चार-पाच प्लगइन एवढ्यावर छोट्या संस्थेचे काम भागते. वीस-पंचवीस प्लगइनवर उभे असलेले संकेतस्थळ माझ्याकडे आले, की दुरुस्त करण्याऐवजी ते नव्याने उभारणेच स्वस्त पडते, असे मी संस्थेला सांगतो.

ही सगळी निगा महिन्यातून तासभर तरी मागते. प्रणाली मोफत असली तरी डोमेन, होस्टिंग आणि हा तास यांचा खर्च दरवर्षी येतो. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून अंदाजपत्रक करू नये, नूतनीकरणाचा दर विचारून करावे. बॅकअप त्याच होस्टिंगवर न ठेवता संस्थेच्या स्वतःच्या खात्यात दुसरीकडे ठेवावा, आणि तो परत बसवता येतो का हे एकदा करून पाहावे. डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावाने व संस्थेच्या ईमेलवर असावी. काम करणाऱ्या व्यक्तीच्या नावावर डोमेन असल्याने पदाधिकारी बदलल्यावर वर्षानुवर्षांचे संकेतस्थळ हातचे गेल्याची उदाहरणे या क्षेत्रात वावरणाऱ्या सर्वांना ठाऊक आहेत, आणि ते ऐकून दर वेळी वाईट वाटते, कारण एका अर्जाने ते टळले असते.

उद्या वर्डप्रेस सोडायचे झाले तर काय, हा प्रश्नही आजच विचारावा. सगळा मजकूर एका फायलीत बाहेर काढण्याची सोय त्यात आहे आणि ती चांगली आहे; फक्त त्या फायलीत छायाचित्रे नसतात, त्यांचे पत्ते असतात, म्हणून छायाचित्रांचे फोल्डर वेगळे उतरवून घ्यावे लागते. हा मोकळेपणा एका गोष्टीने नासतो, ती म्हणजे ओढून-सोडून पाने जुळवणारे पेज बिल्डर. त्यांतले काही आपल्या खुणा मजकुरातच पेरतात. ते प्लगइन काढून टाकले, की प्रत्येक परिच्छेदाच्या आगेमागे चौकटी कंसांतल्या आज्ञा उघड्या पडतात. लेखांसाठी पेज बिल्डर मुळीच वापरू नये, हे मी करारातच लिहून घेण्याचा आग्रह धरतो.

मुक्त प्रणालीही पूर्णपणे निर्धोक नसते, हे सप्टेंबर २०२४मध्ये दिसून आले. मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात वाद पेटला, आणि वर्डप्रेस डॉट ऑर्गने त्या कंपनीची वाट अडवली. परिणामी तिच्या ग्राहकांना प्लगइन नेहमीच्या मार्गाने अद्ययावत करता येईनात. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने ती वाट तात्पुरती खुली करण्याचा आदेश दिला. आपल्या वाचनालयाला याची झळ लागली नाही. तरी संहिता मुक्त असूनही तिच्या सुधारणा पोहोचवणारे भांडार एकाच ठिकाणी आहे, हे निर्णय घेणाऱ्याला माहीत असावे. माझ्या मते यामुळे वर्डप्रेस टाळण्याचे कारण नाही; बी-टूचे काम थांबल्यावर जे घडले, ते वर्डप्रेसच्या बाबतीतही घडू शकते, ही त्या परवान्याची हमी आहे.

दुसरे पर्याय कोणी घ्यावेत, ते थोडक्यात सांगतो. एकट्या लेखकाला केवळ आपले लेख ठेवायचे असतील, तर गूगलचे ब्लॉगर अजूनही मोफत आहे आणि देखभाल शून्य. फक्त मालकी आपली नाही हे ध्यानात ठेवावे. ज्या मंडळाचे संकेतस्थळ म्हणजे इतिहास, पदाधिकारी, उपक्रम, छायाचित्रे आणि संपर्क अशी पाच पाने, आणि जे वर्षातून एकदाच बदलते, त्याने वर्डप्रेस घेऊच नये. ह्यूगोसारख्या साधनाने केलेली स्थिर पाने जवळजवळ फुकट ठेवता येतात, त्यांत डेटाबेस नसतो, आणि निगा न राखताही ती वर्षानुवर्षे सुरक्षित राहतात. बदल करायला मात्र जाणकार लागतो. ड्रुपल ही भक्कम प्रणाली आहे, परंतु तिला कायमचा तंत्रज्ञ हवा. ड्रुपल ७चे आयुष्य ५ जानेवारी २०२५ रोजी संपले आणि तिथून पुढच्या आवृत्तीत जाणे म्हणजे जवळपास नवी बांधणी करण्यासारखे होते. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाला ते पेलणार नाही.

निर्णय करण्यापूर्वी पैसे न भरता एक प्रयोग करता येतो. वर्डप्रेसचे 'प्लेग्राउंड' नावाचे अधिकृत पान उघडले, की ब्राउझरमध्येच, काहीही न बसवता, एक तात्पुरते संकेतस्थळ चालू होते. त्यात भाषा मराठी करावी आणि आपल्याच गेल्या अंकातला एक लेख, एक कविता आणि एक लांबलचक सूचना टाकून पाहावी. हे काम तंत्रज्ञाकडून करवून घेऊ नये. पुढे जी व्यक्ती दर आठवड्याला मजकूर लावणार आहे, तिच्याच हातून करवून घ्यावे आणि आपण शेजारी गप्प बसून बघावे. त्या व्यक्तीने थोडे चाचपडत का होईना, पण लेख लावला आणि दुसरा लावण्याची तयारी दाखवली, तर वर्डप्रेस घ्यायला हरकत नाही. अशी व्यक्ती कोण, हेच बैठकीत ठरत नसेल, तर काम देण्याचा ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवावा.